रॉकेल : एका घरगुती द्रावकाचे उपयोग, परिणाम व सुरक्षितता

गोषवारा : रॉकेल हा पदार्थ इंधन म्हणून सर्वपरिचित असला, तरी द्रावक या नात्याने त्याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः त्याचे बहुतांश घरगुती उपयोग, तसेच त्वचेवर व फुप्फुसावर होणारे दुष्परिणाम हे त्याच्या द्रावक गुणधर्मातूनच उद्भवतात. प्रस्तुत लेखात या गुणधर्माच्या आधारे रॉकेलचे उपयोग, विषबाधा, धूर, भाजण्याच्या घटना व त्यांची सामाजिक बाजू यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : रॉकेल, द्रावक, हायड्रोकार्बन, श्वसनमार्गातील प्रवेश, प्रज्वलनबिंदू, भेसळ, प्रथमोपचार.

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रातील सामान्य घराच्या स्वयंपाकघरात, मोरीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली रॉकेलचा डबा असे. वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह, कंदील आणि चिमणी ही त्याची चार ठरलेली ठिकाणे. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या रॉकेलसाठी लागणाऱ्या रांगा हा तर शहरी आणि ग्रामीण जीवनाचा समान अनुभव होता. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ४३.३ टक्के कुटुंबे प्रकाशासाठी रॉकेलवर अवलंबून होती. २०११ मध्ये हे प्रमाण ३१.४ टक्क्यांवर आले. याच दशकात स्वयंपाकासाठी मुख्यत्वे रॉकेल वापरणारी कुटुंबे ६.५ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आली. पुढे ग्रामीण विद्युतीकरण, २०१६ मध्ये सुरू झालेली उज्ज्वला योजना आणि रॉकेलवरील अनुदानात टप्प्याटप्प्याने झालेली कपात यांमुळे हा पदार्थ रास्त भाव दुकानांतून मोठ्या प्रमाणावर नाहीसा झाला.

यावरून रॉकेलचा प्रश्न संपला, असा समज होण्याची शक्यता आहे. तो बरोबर नाही. इंधन म्हणून रॉकेल मागे पडले, परंतु द्रावक म्हणून ते, किंवा त्याच्याच कुळातील इतर द्रव, घराघरांत आजही आहेत. रंगकामातील टर्पेंटाइन व थिनर, सायकल दुरुस्तीच्या दुकानातील साफसफाईचे तेल, इतकेच नव्हे तर भिंतीवरील प्लगमध्ये बसवण्याच्या डासनाशक कुपीतील द्रव, या सर्वांशी त्याचे नाते आहे. अनेक डासनाशक कुप्यांमध्ये कीटकनाशकाचे प्रमाण अत्यल्प असते. उरलेला द्रव हा बहुधा वास काढून टाकलेले रॉकेल किंवा तत्सम हायड्रोकार्बन असतो. ज्या घरातून रॉकेलचा डबा गेला, त्याच घरात ते या रूपाने जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे रांगत्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात येऊन बसले आहे.

नाव आणि घटना

मराठीत या पदार्थाला दोन नावे रूढ आहेत. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’ या शब्दांचे मराठी वळण होय, तर ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’ वरून आला असे मानले जाते. दोन्ही नावे दिव्याच्या काळाची साक्ष देतात. ‘केरोसिन’ हे नाव मात्र कॅनडातील भूवैज्ञानिक अब्राहम गेस्नर यांनी दिले. मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ते बनवले आणि १८५४ मध्ये आपल्या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट घेतले. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेक यांची विहीर लागल्यानंतर खनिज तेलापासून रॉकेल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. पेट्रोल हा त्या काळी नकोसा उपपदार्थ होता आणि रॉकेल हाच तेल उद्योगाचा मुख्य माल होता. भारतात आसाममधील दिग्बोई येथील शुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला, परंतु तत्पूर्वीच परदेशी रॉकेलचे चौकोनी डबे मुंबई बंदरातून देशभर पोचू लागले होते. रिकामा झाल्यावर हाच डबा पाणी भरण्यास, धान्य साठवण्यास आणि छपरावर पत्रा म्हणून उपयोगी पडे.

रॉकेल हे एकच रासायनिक संयुग नव्हे. साधारणतः १० ते १६ कार्बन अणू असलेल्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. कच्च्या तेलाच्या भागशः ऊर्ध्वपातनात सुमारे १५० ते ३०० अंश सेल्सिअस या दरम्यान, नॅप्थ्यानंतर आणि डिझेलच्या आधी, हा भाग मिळतो. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.८ असते. विमानात वापरले जाणारे टर्बाइन इंधन हे मुळात अधिक काटेकोर निकषांचे रॉकेलच होय. पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. परंतु त्याच तक्त्यातील एक घटक धाकट्या भावंडाने चुकून प्यायला तर काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे त्याला कोणत्याही वर्षात शिकवले जात नाही.

द्रावक म्हणून उपयोग

समान गुणधर्माचे पदार्थ परस्परांत विरघळतात, हे द्रावणाचे मूलतत्त्व आहे. पाण्याचा रेणू ध्रुवीय असल्यामुळे त्यात मीठ व साखर विरघळतात. रॉकेलचे रेणू अध्रुवीय असल्यामुळे त्यात तेल, चरबी, मेण, डांबर, ग्रीस व न वाळलेला तैलरंग विरघळतो. सायकलच्या साखळीवरील चिकट काजळी पाण्याने निघत नाही आणि रॉकेलच्या बोळ्याने क्षणात निघते, त्याचे कारण हेच. गंजलेला नट सैल करणे, ब्रश धुणे, पायाला लागलेले डांबर काढणे, शिवणयंत्राचे जुने तेल साफ करणे हे सर्व उपयोग याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

रंगकामात मात्र रॉकेल हा टर्पेंटाइनचा दुय्यम पर्याय आहे. टर्पेंटाइन तुलनेने लवकर उडून जाते. रॉकेलमधील जड घटक दीर्घकाळ रंगाच्या थरात राहतात, त्यामुळे रंग चिकट राहतो आणि त्याची चकाकी जाते. काटकसरीसाठी तैलरंगात रॉकेल मिसळणाऱ्या कारागिराचे काम पावसाळ्यात उघडे पडते. रबरी भागांवरही रॉकेलचा परिणाम होतो. नैसर्गिक रबर त्यात फुगते व मऊ पडते, म्हणून वायसर किंवा रबरी नळी रॉकेलने धुणे योग्य नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोडियम व पोटॅशियम हे धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, हे सर्वज्ञात आहे. तेथे त्याचे काम हवा व पाणी यांपासून धातूला दूर ठेवण्याचे असते. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत युरेनियम व प्लुटोनियम वेगळे करण्यासाठी ट्रायब्युटिल फॉस्फेट हे संयुग रॉकेलसदृश हायड्रोकार्बनात मिसळून वापरतात. सायकलच्या दुकानातील बोळ्यापासून अणुभट्टीच्या इंधनापर्यंत एकच गुणधर्म उपयोगी पडतो.

शेतीतही या द्रवाला स्थान मिळाले. साबणाचे पाणी आणि रॉकेल घुसळून तयार केलेले पायस मऊ अंगाच्या किडींवर फवारण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. कोकणातील आंबा बागायतदार खोडकिड्याने, म्हणजे भिरुडाने, पाडलेल्या छिद्रात रॉकेलचा अथवा पेट्रोलचा बोळा घालून ते चिखलाने लिंपतात. लसूण व हिरवी मिरची यांचा अर्क काढण्यासाठीही रॉकेल वापरले जाते, कारण त्यांतील तिखट घटक पाण्यापेक्षा त्यात सहज उतरतात. साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा पातळ तवंग सोडल्यास डासांच्या अळ्या मरतात. अळी श्वासनलिका पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून हवा घेते आणि तवंगामुळे हा मार्ग बंद होतो. १८९०-९९ या दशकातच या उपायाचे प्रयोग अमेरिकेत झाले होते.

या यादीतील एक उपयोग मात्र निषेधार्हच म्हणावा लागेल. उवांवर उपाय म्हणून मुलींच्या केसांना रॉकेल लावण्याची प्रथा अनेक भागांत होती व काही ठिकाणी अजूनही आहे. रॉकेलने उवा मरतात हे खरे. परंतु टाळूची त्वचा सोलवटते, आणि असे केस घेऊन मुलगी चुलीजवळ बसली तर होणारा अपघात वर्णन करण्याची आवश्यकता नाही. उवांसाठी परमेथ्रिनसारखी औषधे उपलब्ध असताना ही जोखीम पत्करण्याचे कोणतेही कारण नाही. खाटेच्या सांध्यांत ढेकणांसाठी रॉकेल ओतण्याविषयीही हेच म्हणता येईल. खाटेवर अंथरूण आणि अंथरुणाशेजारी विडी, हा संयोग घातक आहे.

त्वचा आणि फुप्फुस

जो गुणधर्म साखळीवरील ग्रीस विरघळवतो, तोच त्वचेवरील स्निग्ध थरही विरघळवतो. वारंवार रॉकेलने हात धुणाऱ्या कामगाराच्या बोटांना भेगा पडतात, त्वचा कोरडी व लालसर होते, कालांतराने त्वचादाह जडतो. रॉकेलने भिजलेले कपडे काही तास अंगावर राहिले, तर आग न लागताही त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. त्यामुळे अंगावर रॉकेल सांडल्यास कपडे त्वरित काढून साबण व पाण्याने अंग धुणे आवश्यक ठरते.

फुप्फुसाच्या बाबतीत हाच गुणधर्म प्राणघातक ठरतो. फुप्फुसातील वायुकोशांच्या आतील बाजूस फॉस्फोलिपिडयुक्त द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. पृष्ठताण कमी करून हा थर वायुकोश उघडे ठेवतो. रॉकेल फुप्फुसात शिरले की हा थर विस्कटतो, वायुकोश मिटू लागतात, ऊतींना सूज येते आणि रक्तात प्राणवायू जाण्याची क्रिया बाधित होते. यास रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. येथे जंतूंचा संबंध आरंभी नसतो. म्हणूनच प्रतिबंध म्हणून सरसकट प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड दिल्याने लाभ होत नाही, असे आजचे वैद्यकीय मत आहे.

रॉकेल फुप्फुसात जाते कसे, हा यातील कळीचा मुद्दा होय. पोटात गेलेले रॉकेल आतड्यांतून फारसे शोषले जात नाही. थोड्या प्रमाणात ते पोटातच राहिले तर धोका तुलनेने मर्यादित असतो. परंतु रॉकेलची विष्यंदिता अत्यंत कमी आहे. ते गोडेतेलाप्रमाणे जड व संथ नसून पाण्याप्रमाणे चपळ असते, त्याचा पृष्ठताणही पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यामुळे घशापाशी आलेला अल्पसा घोटही श्वासनलिकेच्या आतील पृष्ठभागावर झपाट्याने पसरत खोल उतरतो. एक मिलिलिटरहून कमी रॉकेल फुप्फुसात गेले तरी गंभीर आजार होऊ शकतो. गिळताना एकदा हा धोका असतोच, आणि उलटी होताना तो पुन्हा निर्माण होतो.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा नियम निष्पन्न होतो : रॉकेल प्यायलेल्या व्यक्तीस उलटी करवू नये. प्रत्यक्षात घरोघरी घडते ते नेमके उलट. घाबरलेली आई मुलाच्या घशात बोट घालते, शेजारीण मिठाचे पाणी आणते, कोणी दूध किंवा तूप पाजते. या सर्व कृती प्रेमापोटी आणि तत्परतेने केल्या जातात, म्हणूनच त्या अधिक करुण वाटतात. बोट घातल्याने उलटी होते. मिठाच्या पाण्याने उलटी तर होतेच, शिवाय लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. दूध किंवा तूप पोट भरून उलटीची शक्यता वाढवते. याच कारणास्तव रुग्णालयातही केवळ रॉकेल प्यायलेल्या रुग्णाचे पोट नळीने धुण्याचे टाळतात. रॉकेलमध्ये कीटकनाशकासारखे दुसरे विष मिसळलेले असल्यास निर्णय वेगळा असू शकतो, परंतु तो डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो.

अशा प्रसंगी मुलास शांत ठेवावे, तोंडाभोवतीचे रॉकेल पुसावे, भिजलेले कपडे बदलावेत आणि बाटलीसह रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून कार्यरत असून तेथून डॉक्टरांना व नागरिकांना चोवीस तास सल्ला मिळतो. मूल खोकत असेल, गुदमरत असेल, श्वास जलद चालत असेल किंवा गुंगीत असेल, तर रॉकेल फुप्फुसात गेले आहे असेच समजून चालावे. मूल वरकरणी बरे दिसत असले तरी त्यास निदान सहा तास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे इष्ट. क्ष-किरण चित्रातील बदल कित्येकदा काही तासांनंतर प्रकट होतात आणि ताप दुसऱ्या दिवशी चढतो. वेळीच प्राणवायू मिळाल्यास बहुसंख्य मुले काही दिवसांत बरी होतात.

या विषबाधेचे बळी मुख्यत्वे एक ते तीन वर्षे वयाचे असतात आणि उन्हाळ्यात त्यांची संख्या वाढते, असे भारतीय बालरोग विभागांच्या नोंदींतून पुनःपुन्हा दिसून आले आहे. कारण उघड आहे. मूल तहानलेले असते, आणि रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरलेले असते. बाटली ओळखीची, द्रव पाण्यासारखा, ठिकाण हाताच्या अंतरावर. वास हा मोठ्यांसाठी इशारा असतो, परंतु दीड वर्षाच्या मुलाच्या लेखी तो इशारा नसतो. येथे मुलाच्या खोडकरपणाला दोष देणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय.

धूर

रॉकेल जळताना होणारा धूर हा स्वतंत्र विषय आहे. येथे त्याचा संक्षेपाने उल्लेख पुरेसा ठरावा. काचेविना जळणाऱ्या साध्या वातीच्या दिव्यात जळलेल्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भाग जवळजवळ शुद्ध काजळीच्या कणांत रूपांतरित होतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. यासोबत कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, गंधकाचे प्रमाण अधिक असल्यास सल्फर डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड हेही निर्माण होतात. चिमणीच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाच्या नाकातून सकाळी निघणारी काजळी ही त्याच्या फुप्फुसात गेलेल्या कणांची केवळ दर्शनी खूण होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरगुती वापरासाठी रॉकेलला परावृत्त करण्याची शिफारस केली. रॉकेल हे लाकूडफाट्यापेक्षा ‘स्वच्छ’ इंधन आहे, या दीर्घकाळ रूढ असलेल्या धारणेला त्यामुळे धक्का बसला.

आग, भेसळ आणि भाजण्याच्या घटना

ज्या किमान तापमानास द्रवाच्या पृष्ठभागावरील वाफ ठिणगीने क्षणभर पेट घेते, त्यास फ्लॅश पॉइंट अर्थात प्रज्वलनबिंदू म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस असतो, म्हणून ते सदैव धोकादायक. भारतीय मानकानुसार रॉकेलचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो. पुण्याच्या हिवाळ्यात हा आकडा दिलासादायक वाटतो. परंतु चंद्रपूर किंवा जळगाव येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली त्याहून तापते. किमान मानक जेमतेम पाळणारे रॉकेल अशा खोलीत आधीच प्रज्वलनबिंदू ओलांडून बसलेले असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि हवेत तिचे प्रमाण अवघे ०.७ टक्के झाले तरी ती पेट घेऊ शकते.

पंपाच्या स्टोव्हची रचना या दृष्टीने समजून घेण्याजोगी आहे. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी विकसित केलेल्या या स्टोव्हमध्ये टाकीतील रॉकेल हवेच्या दाबाने वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडून ती निळ्या ज्योतीने जळते. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफेऐवजी द्रवच उसळतो व भडका उडतो. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरणे, चोंदलेल्या छिद्रात पेटत्या स्थितीत पिन घालणे, गळक्या टाकीस साबण लावून काम भागवणे या अपघातांच्या नेहमीच्या वाटा आहेत. त्यात रॉकेलमध्ये पेट्रोलचा अंश मिसळलेला असेल, तर प्रज्वलनबिंदू झपाट्याने खाली येतो आणि टाकीतील दाब अनपेक्षितपणे वाढतो.

भेसळीचा नेहमीचा प्रवाह मात्र उलट दिशेचा, म्हणजे पेट्रोल व डिझेलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळण्याचा होता. अनुदानित रॉकेल व डिझेल यांच्या दरांतील तफावत हे त्यामागचे कारण. अनुदानित रॉकेल ओळखता यावे म्हणून त्यास निळा रंग दिला जाई, परंतु विशिष्ट मातीतून गाळून तो काढण्याची युक्ती भेसळखोरांनी शोधली. १९९३ च्या केरोसिन नियंत्रण आदेशाने वापर व किंमत यांवर बंधने घातली होती, तरीही हा व्यापार चालत राहिला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. केवळ स्वस्त ठेवलेल्या एका द्रावकाभोवती केवढे अर्थकारण उभे राहू शकते, हे या घटनेने महाराष्ट्राला दाखवून दिले.

रॉकेलची सर्वांत काळी बाजू याहून वेगळी आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे सुमारे १,६३,००० मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १५ ते ३४ या वयोगटातील होत्या. पोलिसी नोंदींतील आकड्यापेक्षा हा अंदाज सुमारे सहापट होता. स्वयंपाक सर्व वयांच्या स्त्रिया करतात. केवळ स्टोव्हचा दोष असता तर मृत्यूंची अशी गर्दी नवविवाहितांच्या वयात झाली नसती. ‘स्टोव्हचा भडका’ हे वृत्तपत्रीय शब्द किती वेळा अपघाताचे, किती वेळा आत्महत्येचे आणि किती वेळा खुनाचे आवरण होते, हे आकडे सांगत नाहीत. परंतु प्रश्न मात्र ते टाळू देत नाहीत.

कायद्याने या वास्तवाची दखल घेतली. १९८६ मध्ये भारतीय दंड संहितेत समाविष्ट झालेल्या कलम ३०४-ब मध्ये विवाहापासून सात वर्षांच्या आत झालेल्या अनैसर्गिक मृत्यूच्या संदर्भात भाजण्याचा उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. अशा प्रकरणांत न्यायवैद्यक रसायनशास्त्राचे साहाय्य महत्त्वाचे ठरते. रॉकेलमधील सरळ साखळीची हायड्रोकार्बने गॅस क्रोमॅटोग्राफीत शिखरांची एक ओळखू येणारी रांग दाखवतात. वरून ओतलेले रॉकेल केसांत, टाळूवर आणि अंगाखाली दबून न जळालेल्या कपड्यांत सापडू शकते. स्टोव्हच्या भडक्यात जळणे बहुधा पदराकडून किंवा पुढच्या बाजूने सुरू होते. टाकी शाबूत, बर्नर थंड आणि केसांत रॉकेल, अशी स्थिती असेल तर अपघाताच्या कथेची फेरतपासणी अटळ ठरते.

रॉकेलच्या आगीवर पाणी टाकू नये. रॉकेल पाण्यावर तरंगते व पेटत्या स्थितीत पसरते. वाळू, माती किंवा जाड ओले गोणपाट यांनी आग झाकावी. अंगाला आग लागल्यास धावू नये, आडवे होऊन लोळावे. आग विझल्यावर मात्र भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, हळद, दंतमंजन, बर्फ यांपैकी काहीही लावू नये आणि त्वचेला चिकटलेले कापड ओढून काढू नये.

साठवण

सुरक्षित साठवणीचे नियम साधे आहेत : झाकण घट्ट बसणारा धातूचा किंवा जाड प्लास्टिकचा स्वतंत्र डबा, त्यावर ठळक खूण, मुलांच्या हाती न लागणारी उंच व बंद जागा, आणि चूल, गॅस व देवघरातील समई यांपासून अंतर. जुने रॉकेल किंवा थिनर गटारात ओतू नये, विहिरीजवळ तर मुळीच नाही. अत्यल्प प्रमाणानेही पाण्याला वास लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत प्रत्येक घरातील असे द्रव कोणत्या बाटलीत व किती उंचीवर ठेवले आहेत, याची साधी पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. त्यासाठी निधी लागत नाही आणि त्या निमित्ताने उलटी न करवण्याचा नियम उंबऱ्यापर्यंत पोचतो.

डब्याच्या झाकणाचा प्रश्न मात्र शिकवणुकीने सुटणारा नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रामीण भागात घरोघरी मुलांना न उघडता येणाऱ्या झाकणाचे डबे वाटण्यात आले, तेव्हा तेथील मुलांमधील रॉकेल पिण्याच्या घटना जवळजवळ निम्म्याने घटल्या. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अशा झाकणांचा मार्ग मोकळा केला आणि २००१ मध्ये कमी विष्यंदितेची हायड्रोकार्बने असलेल्या घरगुती उत्पादनांपर्यंत त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानात थिनर व टर्पेंटाइन आजही सुटे मिळते. गिऱ्हाईक घरून रिकामी बाटली आणते, दुकानदार नरसाळ्याने ती भरून देतो, आणि त्या बाटलीवर पाण्याच्या कंपनीचे लेबल तसेच असते.